दहाव्या दिवशी पायात आग का झाली? कण्याच्या फ्यूजनमधल्या हाडवाढीच्या प्रोटीनबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांच्या, राहणार इंदुरातलं लोकमान्य नगर. कमरेतला मणका सरकल्यामुळे चार महिन्यांपूर्वी बाहेरगावी छोट्या छेदातून फ्यूजन झालं, चौथ्या आणि पाचव्या मणक्याचं. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या पायांनी चालत गाडीत बसल्या, आठवडाभर सगळे खुशीत. नवव्या-दहाव्या दिवशी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी आग सुरू झाली की रात्री बसून काढाव्या लागल्या. दोन महिन्यांत ती उतरली. आता नव्या सीटीच्या रिपोर्टात ‘केजभोवतीचं हाड विरघळल्यासारखं दिसतंय’ असं आलंय, कुणीतरी ‘इन्फेक्शन’ हा शब्द उच्चारलाय, आणि फाईल चाळताना तुमच्या लक्षात आलं की आत हाड वाढवणारं प्रोटीन घातलं होतं. ते तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. बडोद्याची मावशी याच ऑपरेशनच्या तयारीत आहे. तेव्हा हे प्रोटीन घातक आहे का, आईला पुन्हा कापावं लागेल का, त्यात गाईचं काही असतं हे खरं का, मावशीने नाही म्हणावं का, आणि जाता जाता, आईला पुढच्या महिन्यात ‘सानंद’ या संस्थेच्या मराठी नाटकाला नेलं तर चालेल का.

नाटकाचं शेवटी बघू. आईंचे फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढे लिहितोय ते निदान नव्हे. पण तुम्ही जो क्रम सांगितलाय, म्हणजे आधी उत्तम, दहाव्या दिवशी आग, चौथ्या महिन्यात हाडात पोकळी, तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. कण्याचा सर्जन म्हणून हे प्रोटीन मी वापरलंय, त्याचा फायदा पाहिलाय आणि एकदा त्याने मला चांगलाच हिसका दाखवलाय. तोही सांगतो.

आधी फ्यूजन म्हणजे काय ते डोक्यात स्पष्ट हवं. दोन मणके सांधून एक करायचे. लोकांना वाटतं स्क्रू आणि रॉडने ते जोडले जातात. तसं नाही. स्क्रू-रॉड हे स्लॅबखालचं सेंटरिंग. स्लॅब म्हणजे मणक्यांमध्ये तयार होणारं जिवंत हाड. स्लॅब धरला नाही तर सेंटरिंग आज ना उद्या हलणार, स्क्रू ढिले पडणार, कधी रॉड मोडणार. म्हणून दोन मणक्यांमधल्या गादीच्या (डिस्कच्या) जागी केज, म्हणजे छोटी पोकळ पेटी, बसवतात आणि केजच्या आत नि भोवती हाडाचा भुगा भरतात. हा भुगा आणायचा कुठून, हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न. पूर्वी सरळ कमरेच्या बाजूच्या हाडातून काढायचो. हाड उत्तम, पण पेशंट सहा महिन्यांनी येऊन म्हणायचा, ‘पाठ बरी आहे हो, ही बाजूची जागाच दुखते.’

छोट्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. साधारण दोन सेंटीमीटर रुंदीच्या नळीतून आम्ही काम करतो. स्नायू कापत नाही, बाजूला सारतो. रक्त कमी जातं, पेशंट लवकर उठतो, टाके तीन-चार. पण नळीतून हाताला हाड लागतं ते एका बाजूच्या सांध्याएवढंच. मग मोह होतो की पुडीतलं काहीतरी घालावं म्हणजे हाड हमखास धरेल. प्रोटीन या वाटेने आत येतं.

हा शोध मोठा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ होते. हाडातलं कॅल्शियम काढून टाकलं आणि उरलेला सांगाडा प्राण्याच्या स्नायूत पुरला, तर तिथे नवं हाड तयार होतं, हे त्यांनी १९६५ मध्ये दाखवलं. स्नायूत हाड! म्हणजे त्या सांगाड्यात असं काहीतरी होतं जे आजूबाजूच्या पेशींना ‘हाड बना’ असं सांगत होतं. १९७१ मध्ये त्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे बीएमपी, हे नाव मिळालं. १९८८ मध्ये त्याची जनुकं वेगळी काढली गेली आणि मग ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं. कण्यात बहुतेक वापरतात ते बीएमपी-२, हॅमस्टरच्या पेशींमध्ये तयार केलेलं.

मी पेशंटला सांगताना विरजणाचा दाखला देतो. बीएमपी म्हणजे हाड नव्हे, जसं विरजण म्हणजे दही नव्हे. ते दुधाला दही व्हायला लावतं. चमचाभर पुरतं. वाटीभर घातलंत तर आंबट होणार. आणि शेजारच्या पातेल्यात चमचा बुडाला तर तेही नासणार. हे दूध दह्यासाठी आणि ते चहासाठी, हे विरजणाला कुठे कळतं?

आता शेजारचं पातेलं कुठलं, ते बघा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै २००२ मध्ये बीएमपी-२ ला जी मंजुरी दिली ती पोटाकडून, म्हणजे समोरून, एका ठरावीक धातूच्या केजमध्ये, एकाच पातळीवर घालण्यासाठी होती. समोरून गेलं की गादीच्या मागच्या भिंतीला हात लागत नाही, नसा त्या भिंतीपलीकडे सुरक्षित. तुमच्या आईंचं ऑपरेशन मागून, तिरक्या वाटेने झालं. त्यात आम्ही सांधा काढतो आणि गादीच्या भिंतीला मागच्या बाजूने खिडकी पाडतो. त्या खिडकीच्या एका अंगाला खाली जाणारी नस, दुसऱ्या अंगाला बाहेर पडणारी नस. काम झाल्यावर ती खिडकी उघडीच राहते. आत प्रोटीन, उंबऱ्यावर नस. अशा वाटेने वापरणं ही २००२ च्या मंजुरीबाहेरची गोष्ट होती, तरी जगभर सर्रास झाली. मंजुरीबाहेर वापरणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, वैद्यकात तसं बरंच चालतं. पण पेशंटला सांगून.

ऑपरेशन थिएटरमध्ये ते दिसतं कसं तेही सांगतो. पांढरी पावडर येते, निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. सोबत कोलॅजनचा स्पंज, कोरडा असताना पातळ आणि ताठ. त्यावर सिस्टर सिरिंजने द्रव सारखा पसरते आणि घड्याळ लावते. किमान पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात प्रोटीन स्पंजला धरून बसतं. घाई केली तर ते धरत नाही, नुसतं भिजतं. भिजलेला स्पंज दुधात बुडवलेल्या ब्रेडसारखा लोळागोळा होतो, चिमट्याने उचलला की लोंबतो. अरुंद जागेत तो कोंबला, वरून केज ठोकली, की स्पंज पिळला जातो आणि प्रोटीन मिसळलेलं पाणी बाहेर येतं. कुठून? आपणच पाडलेल्या खिडकीतून, थेट नसेवर. छोट्या छेदात तर ते जातंय हे दिसतही नाही, सक्शनची नळी आणि रक्त यांच्यात दोन थेंब कोण मोजणार. पिळण्याची ती एक क्रिया टळली तर पुढच्या निम्म्या भानगडी होतच नाहीत, हे माझं प्रामाणिक मत.

आता आईंच्या दुखण्याकडे येऊ. ऑपरेशननंतर पाय दुखतो म्हणून पेशंट आला की मी ‘किती दुखतंय’ हे नंतर विचारतो, ‘कधीपासून’ हे आधी. भूल उतरल्याउतरल्या कळ असेल तर स्क्रू नसेला लागलाय किंवा नस जास्त ओढली गेली, हा संशय. पहिल्या काही तासांत दुखणं वाढत जातंय आणि पावलातली ताकद कमी होतेय, तर रक्ताची गाठ, आणि मग सकाळची वाट बघायची नाही. पण आठवडा छान गेला आणि मग अचानक आग, भाजल्यासारखी, चादरीचा स्पर्शही नको, ताकद मात्र शाबूत आणि एमआरआयमध्ये नस मोकळी, तर हे प्रोटीनमुळे नसेला आलेल्या सुजेचं चित्र आहे. बीएमपी हाड बनवण्याआधी त्या जागी सूज आणणाऱ्या पेशी बोलावतं, हाड धरण्याची ती पहिली पायरीच आहे. नस जवळ असेल तर तीही त्या गर्दीत सापडते. दबलेली नसते, चिडलेली असते. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स, प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध, कधी नसेजवळ एक इंजेक्शन, आणि बाकी वेळ. काही आठवड्यांत ते बहुधा उतरतं, आईंचं उतरलं तसं. (मधुमेह असेल तर स्टिरॉइडच्या दिवसांत साखर रोज बघा. आपल्याकडे ‘पाच दिवसांचा तर कोर्स आहे’ म्हणून कुणी बघत नाही आणि मग साखर साडेतीनशेवर जाते.)

या टप्प्यावर एक चूक होते, तुमच्याकडे ती टळली हे नशीब. आग होतेय म्हणून घाबरून लगेच पुन्हा उघडतात. आत काही सापडत नाही. चिडलेल्या नसेला मात्र आणखी एकदा हात लागतो.

दुसरी गोष्ट, हाड विरघळणं. हाड वाढवणाऱ्या औषधाने हाड विरघळावं हे ऐकायला उफराटं वाटतं. पण शरीरात हाड बांधणारे आणि हाड खाणारे गवंडी एकाच ठेक्यावर काम करतात, एकाला बोलावलं की दुसराही येतो. प्रोटीन जास्त झालं, किंवा केज बसवताना मणक्याचा कडक पृष्ठभाग खरवडून आतलं स्पंजासारखं हाड उघडं पडलं, तर खाणारे आधी जेवून घेतात. सीटीत केजच्या वर-खाली काळी पोकळी दिसते. बहुधा पहिल्या तीन महिन्यांत ती सगळ्यात ठळक असते आणि पुढे सहा महिने ते वर्षभरात बऱ्याचदा भरून येते. धोका एवढाच की त्या मधल्या काळात हाड मऊ असतं आणि केज त्यात रुतू शकते किंवा सरकू शकते.

हे इन्फेक्शनसारखं दिसतं, हे अगदी खरं. नुसत्या सीटीवरून भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून आधी साध्या गोष्टी. ताप येतो का, रात्री घाम, वजन उतरतंय का, जखम कोरडी आहे का. मग रक्तात सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या. इन्फेक्शनमध्ये ते चढलेले असतात, पाठ दिवसेंदिवस जास्त दुखते, कूस बदलताना जीव जातो. प्रोटीनच्या पोकळीत पेशंट स्वयंपाकघरात उभा राहून फोडणी देत असतो आणि घाबरलेला असतो तो रिपोर्ट वाचणारा मुलगा. आईंचा सीआरपी तुम्ही लिहिलेला नाही. तो उद्या सकाळी करून घ्या, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. एकदा गोळ्या पोटात गेल्या की पुढे शंका आली तरी सुईने घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणं अवघड होऊन बसतं.

तिसरी गोष्ट, नको तिथे हाड वाढणं, उशिरा येते, सहा महिने ते दोन वर्षांत, आणि ती मला भोवली.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. देवासच्या एक शिक्षिका, वर्गात उभं राहून शिकवायच्या. मी नळीतून फ्यूजन केलं. हाताला हाड कमी लागलं म्हणून प्रोटीन घातलं, आणि उरलेला स्पंज वाया कशाला घालवायचा म्हणून केजच्या मागे, खिडकीच्या तोंडाशी ठेवून दिला. महाग वस्तू होती ना! तीन महिन्यांनी एक्स-रेत हाड असं सुरेख धरलेलं की मी तो ज्युनिअरना दाखवत फिरलो. आठव्या महिन्यात बाई परत आल्या, उजव्या पायात कळ, पन्नास पावलांवर थांबावं लागतंय. म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्हीच तर म्हणाला होतात हाड छान जुळलंय.’ मी सीटी लावला आणि गप्प झालो. जुळलं होतंच. जिथे नको तिथेही जुळलं होतं. खिडकीतून बाहेर हाडाचा कोंब फुटला होता, वाटाण्याहून थोडा मोठा, नस बाहेर पडते त्या भोकात वळलेला. एमआरआयच्या रिपोर्टात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, तिथे तो नुसता काळा ठिपका दिसत होता. असं हाड बघायचं तर सीटीच हवा.

ते ऑपरेशन मी विसरणार नाही. पहिलं दीड तासाचं होतं, हे चार तासांचं. मायक्रोस्कोपखाली डायमंड बरने, म्हणजे हाड घासणाऱ्या बारीक ड्रिलने, हाड अंड्याच्या कवचाएवढं पातळ करत न्यायचं आणि मग सोलायचं. खाली नसांचं आवरण त्या हाडाला असं चिकटलेलं, जणू ते दोघं एकत्रच वाढलेत. आवरणाला छोटा छेद गेलाच. आतलं नसांभोवतीचं पाणी येऊ लागलं, शिवलं, वर गोंद लावला, बाईंना काही दिवस आडवं ठेवलं. त्या बऱ्या झाल्या, पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवलंही. पण पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहिला तो राहिलाच. वाचवलेल्या त्या चार बोटं स्पंजाची ही किंमत.

हे मला आधी माहीत नव्हतं असंही नाही. मागून केज घालून केलेल्या सुरुवातीच्या एका चाचणीत कण्याच्या पोकळीत नको तिथे हाड दिसलं होतं, आणि ती चाचणी अर्धवट थांबवलीही गेली होती. पण त्या काळात छापून येणारे बहुतेक निबंध वाचले तर हे औषध म्हणजे नुसतं अमृत. खरी वाच्यता जून २०११ मध्ये झाली. ‘द स्पाइन जर्नल’ने अख्खा अंक यावर काढला. स्टॅनफर्डचे युजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी उत्पादक कंपनीच्या पैशाने झालेल्या १३ चाचण्या तपासल्या. त्यांत हे प्रोटीन मिळालेले ७८० रुग्ण होते आणि प्रोटीनमुळे झालेला दुष्परिणाम म्हणून नोंदलेला आकडा होता शून्य. सातशे ऐंशी जणांत शून्य! आमच्याकडे सातशे ऐंशी जणांना पॅरासिटामॉल दिली तरी चार जण मळमळतंय म्हणून फोन करतात. एफडीएची कागदपत्रं आणि इतर माहिती धरून त्यांनी काढलेला अंदाज होता पद्धतीनुसार १० ते ५० टक्के. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या वित्त समितीचा अहवाल आला : मेडट्रॉनिक या उत्पादक कंपनीचे लोक त्या निबंधांच्या लेखनात गुंतलेले होते, आणि लेखक डॉक्टर व त्यांच्याशी संबंधित कंपन्यांना १९९६ ते २०१० या काळात सुमारे २१ कोटी डॉलर रॉयल्टी आणि सल्ल्यापोटी मिळाले होते.

नंतर कंपनीने येल विद्यापीठाच्या प्रकल्पाला सगळी कच्ची माहिती दिली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. दोन वेगळ्या गटांनी ती स्वतंत्रपणे तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आले. हाड धरण्याचं प्रमाण प्रोटीनने वाढतं, पण रुग्णाच्या दुखण्यात पडणारा फरक फार थोडा. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. फोटो सुंदर येतो, पेशंट तेवढ्याच्या तेवढ्यात असतो. आणि आपण इतकी वर्षं फोटोवर खूश होत होतो.

कर्करोगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री शोधाल म्हणून लिहितो. ४० मिलिग्रॅमचा मोठा डोस असलेल्या एका उत्पादनाला एफडीएने २०११ मध्ये मंजुरी दिली नाही, त्यामागे ही शंका होती. २०१३ च्या तपासणीतही धोका किंचित वाढलेला दिसला, पण आकडे इतके लहान की ठाम बोलता येत नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या विमा नोंदींवरच्या मोठ्या अभ्यासांत तशी वाढ आढळली नाही. आईंनी यावरून झोप घालवू नये. पण ज्यांना आधी कर्करोग होऊन गेलाय त्यांना मी हे घालत नाही, आणि गर्भवतीला किंवा लवकर मूल हवं असलेल्या बाईला तर नाहीच. समोरून केलेल्या ऑपरेशनमध्ये पुरुषांना वीर्य उलट मूत्राशयात जाण्याचा त्रास होऊ शकतो, तरुण पेशंटला तेही आधी सांगावं लागतं. मावशींना ते लागू नाही.

मानेचं मात्र जरा ठासून सांगतो, कारण तुमच्या घरात कुणाची तरी मान दुखतच असणार. मानेच्या समोरून केलेल्या फ्यूजनमध्ये हे प्रोटीन घातल्यावर गळ्याला इतकी सूज आली की श्वास आणि गिळणं अडलं, अशा किमान ३८ तक्रारींनंतर एफडीएने १ जुलै २००८ रोजी जाहीर इशारा दिला. यातली मेख म्हणजे त्रास बहुधा दुसऱ्या ते चौदाव्या दिवसात होतो, म्हणजे पेशंट घरी पोहोचल्यावर. बाई झाबुआला परत गेल्यात आणि रात्री दोन वाजता गळा सुजतोय, कल्पना करा. मी मानेच्या समोरून ते वापरत नाही. अजिबात.

गाईचं म्हणता ते खरं आहे. प्रोटीनमध्ये नाही, स्पंजमध्ये. स्पंजचं कोलॅजन गोवंशाच्या स्नायूच्या दोरीपासून काढतात, लेबलवर ‘बोवाइन’ लिहिलेलं असतं. इंदुरात माझ्याकडचे जैन पेशंट हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, आपली मराठी मंडळी ऑपरेशन झाल्यावर. विचारण्यात संकोच कसला? हेपारिन डुकराच्या आतड्यातून येतं, रक्त थांबवायच्या काही जिलेटिन स्पंजांतही डुक्कर असतं. काहींना ते चालतं, काहींना कशातच चालत नाही. ठरवायचं त्यांनी, आधी सांगायचं आम्ही. यातला वैद्यकीय भाग छोटासाच : अशा कोलॅजनची अ‍ॅलर्जी असेल तर हे वापरायचं नाही.

आता मावशी. त्यांनी ऑपरेशनला नाही म्हणावं असं मी म्हणणार नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांनी प्रोटीन सुचवलं म्हणून ते वाईट असंही नाही. त्यांनी एवढं विचारावं की माझंच हाड पुरणार नाही का? एकाच पातळीचं, पहिल्यांदाच होणारं ऑपरेशन, तंबाखू-मिश्री नाही, साखर ताब्यात, तर काढलेल्या सांध्याचं हाड नीट साफ करून दळलं की बहुतेकदा पुरतं. आमच्याकडे ट्रॉलीवर एक सिस्टर फक्त तेच करत बसते, हाडाला चिकटलेलं मांस खरवडून काढते आणि वाटीत भुगा जमा करते. कंटाळवाणं काम आहे, वीस मिनिटं जातात, आणि म्हणूनच काही ठिकाणी पुडी फोडली जाते. मी प्रोटीन राखून ठेवतो ते आधीचं फ्यूजन धरलंच नाही अशांसाठी, किंवा वाकड्या कण्याच्या लांबलचक जोडणीसाठी. वर्षात बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

डॉक्टर म्हणाले की नाही, घालावंच लागेल, तर पुढचं विचारा : किती मिलिग्रॅम? छोट्या किटमध्ये ४.२, मोठ्यात १२ येतं, आणि एका पातळीला मोठं किट लागावं असं मला कधी वाटलेलं नाही. छोट्यातलंही सगळं घालावं लागत नाही. मग : केजच्या पुढे ठेवणार की मागे? उत्तर ‘पुढे’ हवं, म्हणजे पोटाच्या बाजूला. त्याच्यामागे भुगा, मग केज, आणि खिडकीच्या तोंडाशी फायब्रिन गोंदासारखं काही लावून दार बंद. मागे काहीच नाही. सर्जनला हे प्रश्न विचारले तर राग येईल असं वाटतं ना? ज्याने यावर विचार केलाय त्याला उलट बरं वाटतं, पाच मिनिटं जास्त बोलेल. आणि संमतीपत्रावर प्रोटीनचं नाव मराठीत, गुजरातीत, कशातही, पण मावशींना वाचता येईल असं लिहून घ्या.

आईंच्या बाबतीत तुम्हाला सांगितलं गेलं नाही, हे चुकलंच. पण भांडायला जाण्याआधी ऑपरेशनची नोट आणि इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या. प्रत्येक स्क्रू, केज आणि किटचं बॅच नंबर असलेलं स्टिकर केस पेपरवर चिकटवलेलं असतं, ते तुमच्या हक्काचं आहे. त्यावर डोस कळेल, आणि आज तोच सगळ्यात कामाचा आकडा आहे. त्रासाची नोंद मटेरियोव्हिजिलन्समध्येही करता येते. उपकरणं आणि इम्प्लांटच्या दुष्परिणामांची ही सरकारी नोंदवही २०१५ पासून गाझियाबादहून चालते. आमचे लोक त्यात नोंदी करण्यात फार आळशी आहेत, त्यात मीही आलो.

पुन्हा कापावं लागेल का? तुम्ही लिहिलंय त्यावरून, सीआरपी साधा आला, केज जागेवर असली आणि पाय शांत असला, तर सुरी लांब ठेवायची. दोन महिने बेल्ट, जमिनीवर बसणं नको, वाकून बादली उचलणं नको, गणपतीच्या तयारीत पाट-चौरंग हलवणं तर नकोच. व्हिटॅमिन डी तपासा, बहुतेक कमीच निघेल. सहाव्या महिन्यात उभं राहून एक्स-रे आणि जरूर वाटली तर सीटी, जुना शेजारी ठेवून बघायचा. पोकळी भरतेय की केज रुततेय हे तुलनेतच कळतं, म्हणून रिपोर्टाचा कागद नव्हे, सीडी जपा. त्याआधी पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, ताप चढला किंवा जखम ओली झाली, तर त्याच दिवशी जवळच्या मोठ्या दवाखान्यात. त्यासाठी माझ्या उत्तराची वाट बघू नका.

आणि नाटक. न्या की! कडेची खुर्ची घ्या, कमरेमागे छोटी उशी, पहिला अंक संपला की आईंना उठवून बाहेर दोन फेऱ्या मारा, चहा उभ्यानेच प्यायचा. दुसऱ्या अंकात पाय पुन्हा आग धरू लागला तर निघून या आणि कोणत्या दिवशी, किती वेळ बसल्यावर, ते तारखेसकट लिहून ठेवा. मला सीडीबरोबर तो कागदही हवा आहे.